शनिवारचं ऊन

शुक्रवार, ७ ऑगस्ट २०२०, रात्र

प्रिय मित्रा,

काल फोन ठेवला आणि तेव्हापासून तुझं ते एकच वाक्य डोक्यातून जात नाहीये. "सोमवार ते शुक्रवार निभेल रे, कॉल आहेत, मिटिंगा आहेत, पण शनिवार-रविवार या चार भिंतींत मी करू काय?" मी तेव्हा काहीतरी थातूरमातूर बोललो, पिक्चर बघ, झोप काढ, असलं काहीतरी. माझं मलाच पटलं नाही ते. म्हणून आता घरातले सगळे झोपल्यावर लॅपटॉप घेऊन बसलोय. पत्र मोठं होणार हे आत्ताच दिसतंय, पण तुला सध्या वेळच वेळ आहे, पुरवून पुरवून वाच.

आधी तब्येतीचं. ताप नाही, वास येतोय, ऑक्सिमीटर ९७-९८ दाखवतोय, मग कोरोनाच्या क्वारंटाइनच्या आज तिसऱ्या दिवशी तू ठीक आहेस असंच धरून चाल. लक्षणं यायची असली तर बहुतेकांना पाच-सहा दिवसांत येतात, चौदा हा सगळ्यात लांबचा हिशोब धरलाय. रात्री धाकधूक वाढते ते माहितीये मला. मी पहिल्या रात्री तीन वेळा उठून थर्मामीटर लावला होता आणि तिन्ही वेळा आकडा तोच होता. रात्री वाटलं तर सरळ फोन कर, किती वाजले ते बघू नकोस.

आता माझ्या मे महिन्याबद्दल. तुला वरवर माहिती आहे, ऑफिसातल्या एकाची टेस्ट पॉझिटिव्ह आली, मी त्याच्या शेजारी तासभर बसलो होतो, आणि घरात आई सत्तरीची, त्यामुळे ३० एप्रिलला मी आतल्या खोलीत गेलो आणि दार लावून घेतलं. पण त्यातले दोन वीकेंड कसे गेले ते मी कुणालाच नीट सांगितलं नाहीये. एक तर सांगण्यासारखं वरून काही दिसत नाही, ना कुठे गेलो, ना काही मोठं केलं. आणि दुसरं म्हणजे ज्यांच्या घरातलं माणूस या दिवसांत गेलं त्यांच्यासमोर "मला त्या खोलीत आनंद झाला" असं म्हणायला जीभ रेटत नाही. तुला सांगतो, कारण तू आत्ता त्याच जागी आहेस.

त्याच्या आधीचा एप्रिल आठव. सगळे घरातच होतो, खोलीत नव्हतो एवढंच. तेव्हा दर शुक्रवारी रात्री मी यादी करायचो, सकाळी सहाला उठून व्यायाम, मग तो ऑनलाइन कोर्स, मग माळा आवरायचा, मग लेकीला गणित, मग वाचन, आणि रविवारी संध्याकाळी यादीतलं निम्मंसुद्धा झालेलं नसायचं आणि मी घरातल्यांवर उगाच करवादायचो. बाहेर एवढं मोठं संकट चालू असताना मिळालेला वेळ वाया घालवायचा नाही, असं काहीतरी मनानं घेतलं होतं. वेळ "मिळालाय" म्हणजे त्याचं काहीतरी करूनच दाखवलं पाहिजे. त्या यादीनंच सगळे शनिवार खाल्ले रे माझे.

नाही, एक संध्याकाळ तेव्हाचीही चांगली आहे, आणि ती तुझ्याबरोबरचीच आहे. ३ एप्रिल, शुक्रवार. तू तिकडे गच्चीवर, मी इकडे गच्चीवर, दोघांच्या कानाला फोन, आणि पश्चिमेला शुक्र अगदी कृत्तिकांच्या पुंजक्यात जाऊन बसलेला. तू दुर्बीण लेकाच्या हातून अक्षरशः ओढून घेतली होतीस. दर आठ वर्षांनी हा योग येतो आणि तोही एप्रिलच्या सुरुवातीला, तूच सांगितलं होतंस मला, २०१२ ला आला होता तेव्हा आपल्याला पत्ताही नव्हता कारण संध्याकाळी सातला आपण दोघं कुठेतरी ट्रॅफिकमध्ये असणार. त्या दिवशी आपण वीस मिनिटं काहीही बोललो नाही, फोन चालू होता, नुसता श्वास ऐकू येत होता. ते मनात राहिलं होतं पण त्याचा अर्थ लागला नव्हता.

तर खोलीत गेल्यावर पहिला शनिवार आला तो २ मे. यादी करायला काही नव्हतंच, खोलीत एक पलंग, टेबल, पूर्वेची खिडकी आणि जुन्या सामानाची ट्रंक. उशिरा उठलो, गादीवर तसाच बसून राहिलो. खिडकीतून उन्हाचा एक तिरका चौकोन जमिनीवर पडला होता. मी त्याच्याकडे बघत होतो म्हणजे काही ठरवून नाही, नजर होती तिकडे. आणि बघता बघता लक्षात आलं की तो सरकतोय. म्हणजे दिसतंय सरकताना! फरशीच्या सांध्यावर त्याची कड होती, थोड्या वेळात ती सांधा सोडून अलीकडे आली. इतकी वर्षं ती खोली माझी आहे, मी हे कधी बघितलंच नव्हतं. बरोबर नऊ वाजता मी ड्रॉवरमधून कागदी चिकटपट्टी काढली आणि उन्हाचा जो वरचा कोपरा होता तिथे एक तुकडा चिकटवला, वर पेननी तारीख घातली. का केलं माहीत नाही. हाताला काहीतरी हवं होतं असेल.

पुढच्या शनिवारी, ९ मेला, पुन्हा नऊ वाजता बघितलं तर कोपरा पट्टीवर नव्हता. चांगला चार बोटं उजवीकडे गेला होता. मित्रा, मला उत्तरायण माहिती आहे, पृथ्वीचा आस साडेतेवीस अंश कललेला आहे हे शाळेत दहा वेळा लिहिलंय, पण सूर्य उत्तरेकडे चाललाय म्हणजे माझ्या खोलीत आठवड्याला चार बोटं, हे मला त्या सकाळी कळलं. मी दुसरी पट्टी लावली आणि दाराशी जाऊन लेकीला हाक मारली. ती पलीकडून म्हणाली, "बाबा, बरं वाटत नाहीये का?" तिचा आवाज घाबरलेला. मी म्हटलं नाही गं, ऊन सरकलंय. मग ते तिला समजावता समजावता अर्धा तास गेला, ती दाराच्या फटीतून प्रश्न विचारतेय, मी जमिनीवर आडवा पडून उत्तरं देतोय. तिला त्या दिवशी जेवढं कळलं तेवढं मी गणिताचं पुस्तक समोर धरून कधी शिकवू शकलो नाही.

दुपारी आम्ही बुद्धिबळ खेळायचो. खरा पट तिच्याकडे, माझ्याकडे खोक्याच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं आखलेला, आणि सोंगट्या म्हणजे आईच्या शिवणाच्या डब्यातली बटणं, तो डबा ट्रंकेत होता. मोठं काळं कोटाचं बटण माझा राजा, शिंपल्याचं चमकणारं वजीर, प्यादी म्हणजे शर्टाची साधी बटणं. ती दाराबाहेर पाट टाकून बसायची आणि ओरडायची, "घोडा एफ तीन!" मी इकडे बटण हलवायचो. मधेच तिचा घोडा आणि माझा घोडा वेगवेगळ्या घरांत निघायचे, मग पहिल्यापासून सगळ्या चाली दोघांनी मोठ्यानं म्हणून कुठे चुकलं ते शोधायचं. आई बाहेरच्या खोलीतून विचारायची की झालं का भांडण मिटून. एक डाव दोन-अडीच तास चालायचा आणि मला घड्याळ बघावंसं वाटायचं नाही. पुठ्ठा अजून ठेवलाय मी.

आता कबुतराचं सांगायलाच पाहिजे. खिडकीच्या बाहेरच्या सज्ज्यावर, काचेपासून वीतभर अंतरावर, कबुतरांच्या जोडीनं घरटं केलं होतं. घरटं कसलं, चार काड्या आणि वायरचा एक तुकडा. त्याच पहिल्या शनिवारी त्यात एक अंडं दिसलं, सोमवारी दोन झाली. काच मी बंदच ठेवायचो, पण दिसायचं सगळं. एकाच्या मानेवर पांढरा ठिपका होता म्हणून दोघं वेगळी ओळखू यायची. ठिपकेवाला सकाळी दहाच्या सुमारास यायचा, घरट्याच्या काठावर उभा राहायचा, दोघं जरा घुमायची, मग ती उठून बाजूला व्हायची आणि तो अगदी जपून, पाय आवळून, अंड्यांवर बसायचा. मग दुपार उलटेपर्यंत तो, आणि संध्याकाळपासून रात्रभर ती. पुढे वाचलं तेव्हा कळलं की कबुतरांची रीतच अशी, दिवसाची पाळी नराची आणि रात्रीची मादीची. कामाच्या दिवशी मी दहा वाजता कॉलवर असायचो, माझी पाठ खिडकीकडे. पाळी बदलताना बघायला मिळायची ती फक्त शनिवार-रविवारी. म्हणून तर तो वीकेंड वेगळा वाटायला लागला रे! नऊला ऊन, दहाला कबुतर. बाकीचा दिवस मोकळा.

आणि ती अंड्यावर बसली की हलायची नाही. पाऊण तास, एक तास, तिथल्या तिथे, डोळा उघडा. मला पहिल्यांदा तिची कीव आली, मग दुसऱ्या रविवारी बघता बघता वाटलं की हिला कुठे जायचंच नाहीये, हिचं काम इथेच चाललंय, बसणं हेच काम आहे. मी पण खुर्ची ओढून काचेशी बसलो. आम्ही दोघं आपापल्या जागी.

माझे चौदा दिवस १४ मेला संपले. तिचे अजून संपायचे होते, कबुतराची अंडी साधारण अठरा दिवस उबवावी लागतात. मी बाहेर आलो, लेक येऊन बिलगली, आईनं डोक्यावरून हात फिरवला, ते सगळं तुला सांगायला नको. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत त्या खोलीत गेलो, पिल्लं आली का बघायला. २१ मेला आली. पिवळट केस असलेले दोन गोळे, डोळे मिटलेले.

आवाजांबद्दल पण लिहायचंय. तू म्हणालास की शांतता अंगावर येते. पहिले दोन दिवस मलाही यायची. मग तिच्यातलं एकेक वेगळं ऐकू यायला लागलं, पाइपातून वरच्या मजल्यावर चढणारं पाणी, भिंतीपलीकडे आई पुस्तकाचं पान उलटते तो आवाज, वरच्या घरात कुणीतरी रोज रात्री खुर्ची सरकवतं ती, पहाटे पहिला पक्षी बोलतो त्याच्या आधीची ती एक पोकळी. आणि हे नुसतं आपल्या मनाचं नाही बरं का. गेल्या महिन्यात 'सायन्स' या नियतकालिकात भूकंप मोजणाऱ्यांचा पेपर आलाय, त्यांनी ११७ देशांतल्या २६८ भूकंपमापन केंद्रांच्या नोंदी तपासल्या, आणि माणसांच्या हालचालीनं, गाड्यांनी, कारखान्यांनी जमिनीला जी सतत बारीक थरथर असते ती या काही महिन्यांत काही ठिकाणी निम्म्यापर्यंत कमी झाली होती. म्हणजे आपण सगळे घरात बसलो आणि खरोखर जमीन शांत झाली! हे वाचलं तेव्हा मी बायकोला दोनदा वाचून दाखवलं. मला वाटत होतं की मीच हळवा झालोय, पण यंत्रांनाही ते ऐकू आलं होतं.

त्या ट्रंकेत अजून एक सापडलं. तुझी पत्रं. हॉस्टेलवरून पाठवलेली, एकूण एकवीस. मी दुसऱ्या रविवारी दुपारी ती तारखेनं लावली आणि ओळीनं वाचली. बातमी अशी एकाही पत्रात नाही रे, आज पाऊस पडला, खोलीतला पंखा आवाज करतो, मेसच्या मागच्या भिंतीवर मांजर तीन पिल्लं घेऊन आलीये, पुढच्या पत्रात ती दोनच उरली आणि तू दोन पानं तिसऱ्याला शोधण्याबद्दल लिहिलंयस. सापडलं होतं ते, आठवतंय? कोळशाच्या पोत्यामागे. तेव्हा तू एवढ्याशा खोलीत राहायचास आणि तुला प्रत्येक गोष्ट दिसायची. कालचा तुझा आवाज ऐकून मला सारखं वाटत होतं की याला याचीच पत्रं परत पाठवावीत. ती सगळी स्कॅन करून उद्या मेल करतो, रोज एक याप्रमाणे वाच, घाई करू नकोस.

परवा तू क्वारंटाइन या शब्दावर वैतागला होतास ना, तो इटालियनमधल्या चाळीस या आकड्यावरून आलाय. व्हेनिसला प्लेगच्या काळात बाहेरून आलेल्या जहाजांना चाळीस दिवस नांगर टाकून थांबायला लावायचे. त्याच्याही आधी १३७७ मध्ये राग्युसानं, म्हणजे आताच्या दुब्रोवनिकनं, तीस दिवसांचा नियम काढला होता. मी खोलीत असताना त्या खलाशांचा खूप विचार करायचो. किनारा समोर दिसतोय, दिवे दिसतायत, आणि उतरायचं नाही. काय करत असतील ते दिवसभर? दोर नीट गुंडाळत असतील, फाटलेलं शीड शिवत असतील, एकमेकांना घरच्या गोष्टी सांगत असतील. मी त्या विचारातच शर्टाची तुटलेली बटणं लावली, वजिराला सुद्धा कामाला लावलं, आणि सुईत दोरा एका झटक्यात ओवला गेला तेव्हा जे बरं वाटलं ते खरंच सांगता येत नाही.

तुझ्या खोलीला पूर्वेची खिडकी नाही, दक्षिणेची आहे, मला माहितीये. मग तुझ्यासाठी दुसरी गोष्ट आहे. रात्री साडेदहा-अकराच्या सुमाराला आकाश मोकळं असेल तर दिवा घालव आणि दक्षिणेला बघ. दोन ठळक न लुकलुकणारे तारे दिसतील, उजवीकडचा जास्त तेजस्वी तो गुरू आणि डावीकडचा जरा फिकट पिवळा तो शनी. आत्ता हात लांब केलास तर दोघांमध्ये जवळजवळ मूठभर अंतर आहे. हे दोघं साधारण वीस वर्षांनी एकदा भेटतात, आणि यंदा २१ डिसेंबरला इतके जवळ येणार आहेत की नुसत्या डोळ्यांना जवळजवळ एकच दिसतील, १६२३ नंतर एवढे जवळ आलेले नाहीत. शुक्रवारी शुक्र बघितला होता आपण, आता शनिवारी शनी बघ! वहिनींना सांग की त्यांनी बाहेरच्या खिडकीतून बघावं, तू आतून बघ, आणि दाराआडून एकमेकांना सांगा काय दिसतंय ते. तू लगेच म्हणशील की हे करून काय होणार. काही होणार नाही रे. आत्ता मुद्दाम उठून बघून आलो, दोघं आहेत जागेवर.

दारावर कान ठेवून लेकाशी खेळ. पुठ्ठा लागला तर मापं देतो. आणि शुक्रवारी रात्री यादी करू नकोस, एवढं माझं ऐक, दोन्ही दिवसांत मिळून एकच ठरलेली गोष्ट ठेव आणि ती ठरलेल्या वेळी कर, बाकी दिवसाला येऊ दे तसा. पुस्तक अर्धं राहिलं तर राहू दे. दुपारी डोळा लागला तर लागू दे. काकूंना फोन लाव आणि तब्येतीचं सोडून बाकी सगळं विचार, त्या लहानपणी आजारी पडल्या की काय करायच्या ते विचार, माझ्या आईनं त्यावर मला पाऊण तास सांगितलं, दारापलीकडे खुर्ची टाकून, आणि त्यातलं अर्धं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो.

पट्ट्यांचं पुढे काय झालं ते राहिलंच. मी बाहेर आल्यावर ते काम लेकीनं घेतलं, दर शनिवारी नऊला ती पट्टी आणि पेन घेऊन हजर. मेमध्ये चार बोटं, मग तीन, मग दोन, जून लागला तशी बोटभर. १३ जून आणि २० जूनच्या पट्ट्या एकमेकींवर चढल्या आणि २७ जूनची तर त्यांच्यावरच बसली, सूर्य उत्तरेला पोचला होता आणि जरा थांबला होता. त्याच सुमाराला एका सकाळी सज्जा रिकामा होता, दोन्ही पिल्लं उडाली होती, लेक थोडी रडली. मग जुलैपासून ऊन परत फिरलं, आधी बोटभर, मग दोन, मग तीन, आता उलट्या दिशेनं. मधे दोन शनिवार ढग होते त्यांच्या जागा तिनं मोकळ्या सोडल्यात.

आणि उद्या ८ ऑगस्ट. मी हिशोब केलाय, २ मे हा जूनच्या त्या दिवसाच्या जेवढा आधी होता तेवढाच नंतर आता आपण आलोय, एक-दोन दिवसांचा फरक. म्हणजे उद्या ऊन माझ्या पहिल्या पट्टीपाशी परत येणार, ती जी मी एकट्यानं लावली होती. फक्त बरोबर नऊला नाही, कारण सूर्य आणि घड्याळ वर्षभर एका चालीनं चालत नाहीत, मे महिन्यात सूर्य घड्याळाच्या जरा पुढे होता आणि आता मागे आहे, त्यामुळे आठ-नऊ मिनिटं उशीर होईल. लेकीनं गजर लावलाय. तिचं म्हणणं आहे की काका पण हवेत. तर उद्या पावणेनऊला व्हिडिओ कॉल लावतो, फोन पुस्तकांना टेकवून जमिनीवर ठेवतो म्हणजे तुला पट्टी नीट दिसेल. ढग असले तरी लावतो.

तुझाच

(ता. क. मांजराच्या तिसऱ्या पिल्लाचं नाव तू काय ठेवलं होतंस ते पत्रात वाचता येत नाहीये, शाई पसरलीये. उद्या सांग.)